लेपाची खालची बाजू

माझ्या सासूबाईंच्या तोंडाची मला किळस येत असे, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. वाक्य साधं आहे, पण ते लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली; आणि लिहून झाल्यावर त्याच्याकडे पाहतो तेव्हा किळस यावी असं त्या वाक्यात एकच माणूस दिसतं, आणि ते काही भामाबाई नव्हेत.

भामाबाई आठवतात त्या आधी आवाजातून. मोशीतल्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या घरात, गुळगुळीत पांढऱ्या फरशीवरून त्यांची पावलं उचलली जात नसत, सरकत असत. ओल्या पुळणीवरून लाटेचं पातळ पान मागे ओढलं जावं तसा तो ध्वनी पहाटेच्या निळसर उजेडात स्वयंपाकघरातून देवघराकडे जाई, मध्येच थबके, काहीतरी चाचपल्यासारखा एके जागी घोटाळे आणि पुन्हा पुढे सरके. अर्धवट झोपेत तो ऐकताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसत. पाय उचलून चालायला काय होतं या बाईला, असं मनात येई. मनातच. तोंडावर मी त्यांना 'आई' म्हणत असे, आणि माझ्या आवाजात साखर कमी पडली असं कोणी म्हणू शकणार नाही.

त्या चालीचं कारण त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. दक्षिण कोकणात, खाडी समुद्राला मिळते त्या मुखाशी त्यांचं गाव. सुकती लागली, म्हणजे ओहोटीचं पाणी गुडघ्याखाली उतरलं, की तिथल्या बायका खाडीत उतरतात आणि गळ नाही, जाळं नाही, नुसत्या तळपायांनी तळ चाचपत लेप नावाचा चपटा मासा धरतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, पाऊलच पाहतं. रेतीखाली काहीतरी जिवंत, गार आणि बुळबुळीत लागलं की टाच तशीच दाबून धरायची आणि वाकून हात घालायचा. पाऊल मात्र कधी उचलायचं नाही, कारण त्याच तळावर पाकट मासाही पडलेला असतो आणि त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो.

"पाय उचललात तर काट्यार पडतलो, जावयबापू," त्या म्हणाल्या होत्या. "सरकवत गेलात तर पाकट आपसूक बाजूक जाता."

साठ वर्षं खाडीचा तळ वाचत आलेली ती पावलं आमच्या फरशीवरही तळच शोधत असणार. तिथे त्यांना काय लागत होतं, हे मी विचारलं नाही.

लेप ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो कसा सांगावा? पापलेटही चपटाच, पण पापलेट पाण्यात ताठ उभा पोहतो. त्याला दोन बाजू असतात, दोन्हींवर एकेक डोळा असतो आणि ताटात कोणत्याही अंगावर ठेवा, तो देखणाच दिसतो. लेप हा कुशीवर पडलेला मासा आहे. आयुष्यभर एकाच कुशीवर. नदीनं वाहून आणलेला गाळ आणि समुद्रानं आत ढकललेली रेती जिथे एकमेकांत मुरतात, कांदळवनाची कुजलेली पानं जिथे काळ्या साईसारखी बसतात, त्या मंद उजेडाच्या तळाशी तो एखाद्या तुटलेल्या जिभेसारखा पसरतो, कडेच्या झालरीनं चिमूटभर रेती अंगावर उडवून घेतो आणि नाहीसा होतो. त्याची वरची बाजू चिखलाच्याच रंगाची. खालची पांढरी, निस्तेज, आंधळी, फार वेळ पाण्यात राहिलेल्या तळपायाच्या कातडीसारखी. दोन्ही डोळे वरच्या बाजूलाच, एकमेकांना खेटून, जरासे खालीवर. आणि तोंड एका कडेला वळलेलं, जणू कुणी घाईघाईत चुकीच्या जागी टाके घालून शिवून टाकलं आहे.

असल्या गोष्टी बाजूला काढण्याचाच माझा धंदा आहे. चाकणच्या एका कंपनीत मी तपासणी विभाग सांभाळतो. गाड्यांचे रंगवलेले भाग दिव्यांच्या पांढऱ्या बोगद्यातून एकामागून एक येतात आणि त्यांच्यावरचा ओरखडा, फुगवटा, रंगाचा ओघळ, डावी-उजवी बाजू यांतला केसाएवढा फरक शोधणं हे आमचं काम. दोष दिसला की भाग लाल पेटीत. का, कशानं, पुढे त्याचं काय, हे प्रश्न नंतरचे आणि दुसऱ्यांचे. वर्षानुवर्षं हेच केल्यावर नजरेला एक सवय जडते. ती घरी येताना बूट काढावेत तशी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. लाइनवरची पोरं चेष्टेनं म्हणतात, राव, साहेब स्वतःच्या लग्नातही मुंडावळ्या सारख्या आहेत का ते बघत बसले असतील. मी हसतो. खोटं नाही ते.

भामाबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या तोंडावरून वारं गेल्यानंतर. गावात एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आपोआप गळू लागलं आणि दुपारपर्यंत अर्धा चेहरा उतरला. सासरे आधीच गेले होते. वैशाली जाऊन त्यांना घेऊन आली. इथल्या डॉक्टरांनी नस सुजली आहे म्हटलं, गोळ्या दिल्या, गालाचे व्यायाम शिकवले. चेहरा थोडा सावरला, सगळा नाही. डावा गाल ओल्या कापडासारखा लोंबत राहिला, डावा डोळा नीट मिटेना आणि त्यातून सतत पाणी झरे. बोलताना शब्द उजव्या कोपऱ्यातून निघत आणि जेवताना आमटी डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर येई. त्यांना ते कळत नसे, कारण ती बाजू बधिरल्यासारखी झाली होती. भाताचं शीत गालाला चिकटून राही. वैशाली बोलता बोलता हात पुढे करून ते टिपून घेई, आणि तिच्या त्या हाताकडे, मग त्याच हातानं मला वाढलेल्या पोळीकडे मी पाहत राही.

एका रविवारी वैशालीनं पिंपरीच्या बाजारातून लेप आणले. इकडे ते फारसे कोणी मागत नाही, कोळीण टोपलीच्या कडेला टाकून ठेवते. भामाबाईंचा अर्धा चेहरा उजळला. त्यांनी गावाहून आणलेला पत्र्याचा डबा काढला. त्यात चुलीची राख होती. लेपाची कातडी सोलावी लागते आणि बोटं राखेत बुडवल्याशिवाय ती हाताला धरवत नाही. सिंकपाशी उभ्या राहून त्यांनी डोक्याजवळ नखानं एक चीर दिली, राखेची बोटं रोवली आणि ओल्या पायातला मोजा ओढावा तशी ती कातडी एका ओढीत शेपटीपर्यंत उतरवली. तिचा तो फाटण्याचा आवाज, राख आणि बुळबुळ यांचा बोटांवर झालेला करडा चिकटा, गाळाचा हिरवट वास. हा मासा वाकडा का, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"वाकडो नाय तो," त्या वळून म्हणाल्या. "खाली नुसतो चिखल. थंय बघूचा काय? म्हणान एक डोळो वर आणल्यान."

त्या वळल्या तेव्हा खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आडवा पडला होता. लोंबता गाल, पाणावलेला न मिटणारा डोळा, एका बाजूला ओढलेलं हसू. हातातलं आणि चेहऱ्यावरचं माझ्या नजरेत एक झालं. उपमा मनानं केली होती, क्षणात, माझ्या परवानगीशिवाय. पण नंतर तिला पोसलं ते मीच. जेवायला बसलो की समोर मला भामाबाई दिसत नसत.

माझी किळस सभ्य होती. मी नाक मुरडलं नाही, ताट सरकवलं नाही, एक शब्द बोललो नाही. मी फक्त उशिरा येऊ लागलो. प्रॉडक्शनची मीटिंग आहे, तुम्ही जेवून घ्या, असा निरोप मी चाकणहून निघताना वैशालीला देत असे, आणि मोशीला पोचून नदीकडच्या उतारावर एका टपरीशेजारी गाडी लावून बसत असे. तिथून आमची इमारत समोरच दिसे. सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी पिवळी उजळलेली. ती कधी विझते त्याची मी वाट पाही.

त्या बसण्यात सुख होतं असं कोणी समजू नये. खाली इंद्रायणीवर जलपर्णीची हिरवी सूज चढलेली असे आणि बंधाऱ्याखाली साबणासारखा फेस साचून वाऱ्यानं त्याचे गोळे काठावर लोळत. त्या पाण्याला जो वास होता तो माशाचा नव्हता. मासा त्यात उरलाच नसेल. काचा बंद करून मी भुर्जीपाव खात असे. तेलाचा कागद, कांदा, दिवसभराचा घाम आणि बंद गाडीतली शिळी हवा यांचा एक लेप माझ्या जिभेवर बसे. हनुवटीवरून तेल ओघळलं तर ते मनगटानं पुसून घ्यावं लागे. तेव्हा मला स्वतःची घृणा आली नाही. आता येते. लिहितानाही ती चव तोंडात आहे.

टपरीवाले तात्या मूळचे मोशीचेच. त्यांच्या शेतात आता आमच्यासारख्यांच्या इमारती उभ्या आहेत. पहिले काही दिवस त्यांनी काही विचारलं नाही. मग एका संध्याकाळी चहाचा कप काचेतून आत देत म्हणाले, "सायेब, घर तं त्ये समोर दिसतंय. घरी जेवान न्हाई व्हय?" मी ऑफिसचा फोन यायचाय वगैरे म्हटलं. ते माझ्याकडे आणि मग खिडकीकडे पाहून म्हणाले, वहिनींशी भांडला असाल तर गजरा घेऊन जावा, भुर्जी खाऊन राग जात नसतो. बाकड्यावरची दोघंतिघं हसली. मीही हसलो. भांडण असतं तर किती बरं झालं असतं.

घरात मात्र काहीतरी हलू लागलं होतं, तळाचं पाणी हलावं तसं, वर न दिसता. सुट्टीच्या दिवशी एकत्र जेवायची वेळ आली की भामाबाई खुर्ची बदलून भिंतीलगतची घेत. डावी बाजू भिंतीकडे, उजवी माझ्याकडे. पदर डोक्यावरून पुढे ओढून त्या लोंबत्या गालावर धरत. दिवाणखान्यात येताना दाराच्या अशा अंगानं येत की मला त्यांचा अर्धाच चेहरा दिसावा. माणूस चेहऱ्याची एक बाजू इतक्या निगुतीनं जमिनीकडे ठेवू शकतं, हे मी त्यांच्यात पाहिलं. तरीही मला वाटत राहिलं की हे वयाचं आहे, सवयीचं आहे. पुढे तर त्या ताट घेऊन धुण्याच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी जमिनीवर बसून जेवू लागल्या. वैशाली माझ्याजवळ कुरकुरली, आई तिथे अंधारात काय बसते, म्हणते आत उकडतं. मी म्हणालो, असू दे, त्यांना बरं वाटत असेल. मी आयुष्यात बोललेल्या वाक्यांतलं हे सगळ्यात घाणेरडं वाक्य असावं. त्यात एकही वाईट शब्द नाही.

त्याच सुमारास राखेचं झालं. लेपांची खवलं आणि राख मिळून सिंकची नळी तुंबली. प्लंबर दोनदा येऊन गेला, ओट्याखाली काळं पाणी साचलं आणि दिवसभर ऑफिसात राबून आलेली वैशाली भडकली. आई, हे तुझं गाव नाही, इथं चूल नाही की उकिरडा नाही, म्हणत तिनं तो पत्र्याचा डबा उचलून कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकला. मिठाच्या बोटांनी सोलता येतं का बघते, एवढंच भामाबाई म्हणाल्या. पंधरवड्यात त्यांनी गावी जायचं काढलं. वैशालीनं हात जोडले, रडली, नवा डबा आणते म्हणाली. त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि नारळ उतरवायचे आहेत, घर बंद राहून वाळवी लागेल, असलं काहीबाही सांगत राहिल्या. तेव्हापासून आजतागायत वैशालीची खात्री आहे की आई गेली ती त्या डब्यामुळे.

निगडीहून कोकणात जाणाऱ्या बसला मी त्यांना पोचवायला गेलो. वैशालीला सोबत येऊ नको असं त्यांनीच सांगितलं होतं. उन्हं कलली होती. गाड्यांच्या गलबल्यात, कपड्याची पिशवी मांडीवर घेऊन त्या थांब्याच्या कठड्यावर माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या, उजवा गाल माझ्याकडे. बस आली. पिशवी वर चढवून मी वाकून नमस्कार केला, आणि उठलो तेव्हा त्यांनी पदर मागे सारला होता. त्या कित्येक महिन्यांनी माझ्यासमोर पूर्ण चेहऱ्यानं उभ्या होत्या. डाव्या डोळ्यातलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं. ते रडणं होतं की नेहमीचं झरणं, ते मला कळलं नाही.

"बाल्कनीतसून तुमची गाडी दिसायची," त्या म्हणाल्या. आवाजात ठपका नव्हता. "आता घरात जेवत जावा, जावयबापू."

आणि पाऊल पायरीवर सरकवत त्या वर चढल्या.

मी उजळलेल्या खिडकीकडे पाहत जेवत होतो आणि शेजारच्या अंधाऱ्या बाल्कनीतून त्या माझ्या गाडीकडे पाहत जेवत होत्या. इतके दिवस आम्ही दोघं समोरासमोरच जेवलो होतो. उकडतं म्हणून नव्हे, मला आत येता यावं म्हणून त्यांनी ती जागा धरली होती. आणि मी तरीही आत आलो नव्हतो, कारण खिडकी अजून विझलेली नसे. त्यांनी मग गावी निघून जाऊन ती विझवली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेत. गावच्या घरी कार्य आटोपल्यावर वैशाली थंड चुलीपाशी बसली आणि तळहातांनी राख सारून एका स्टीलच्या डब्यात भरू लागली. मी तिथून उठलो आणि खाडीवर गेलो. सुकती होती. पॅन्ट दुमडून पाण्यात उतरलो, आणि त्यांच्यासारखी पावलं सरकवू लागलो. वर रखरखीत ऊन, खाली कोमट गढूळ पाणी, त्याखाली मऊ गाळ बोटांच्या बेचक्यांतून वर येणारा. कांदळाच्या मुळांशी बुडबुडे फुटत होते. मनात कुठेतरी अशी लबाड आशा होती की हा तळ पायांना कळला की मला माफी मिळेल. आणि मग टाचेखाली ते लागलं. गार, चपटं, बुळबुळीत, माझ्या वजनाखाली एकदाच थरथरलेलं. मी पाय झटकून वर उचलला. विचार करून नव्हे. शिसारी आली म्हणून. पाणी ढवळलं, गाळ बसला, रेती पुन्हा सपाट झाली. आणि जिथे तो होता तिथे तो कधी नव्हताच असा खाडीचा तळ शांत पडून राहिला.

नंतर कुठेतरी वाचलं की लेप जन्मतः असा नसतो. अंड्यातून निघतो तेव्हा तो इतर माशांसारखाच सरळ पोहतो, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. मग वाढता वाढता तो कुशीवर कलंडू लागतो आणि खाली जाणारा डोळा कवटीवरून हळूहळू सरकत वर येतो. भामाबाईंचं म्हणणं खरंच होतं. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, किंवा मला सांगायची नव्हती: दोन्ही डोळे वर घेतले की स्वतःची खालची बाजू आपल्याला कधीच दिसत नाही. मी दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडेच पाहत होतो.

तो स्टीलचा डबा आता आमच्या ओट्याखाली असतो. लेप घरात येत नाहीत. कोणतेच मासे येत नाहीत. फरशी पुसताना वैशाली डबा उचलते, पुसते आणि परत तिथेच ठेवते. बहिणीशी फोनवर बोलताना ती अजून मध्येच म्हणते: मी तो डबा टाकायला नको होता गं, राहिली असती आई. मी पलीकडच्या खोलीत असतो. ऐकतो. वेळेवर घरी येतो, घरात जेवतो; भामाबाईंची तेवढी आज्ञा पाळतो, आणि समोरच्या भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्चीत अजून मला अर्धाच चेहरा दिसतो. काळ माणसांना घेऊन जातो असं म्हणतात; मला वाटतं तो त्यांच्यावर नुसती रेती उडवतो, आणि ती जिथे होती तिथेच, आपल्या पावलाखाली, गार होऊन पडून राहतात.

वैशालीला माझ्याकडून एक वाक्य यायचं आहे. तुझी आई राखेमुळे गेली नाही, माझ्यामुळे गेली. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.